नसलेल्या तड्याची डागडुजी

त्या मुलखात माणसे सगळ्यात खालच्या पायरीवर जन्मत आणि सगळ्यात वरच्या पायरीवर मरत. दर दोन दिवसांनी एक पायरी चढायची, चढता चढता थोडे थोडे चपटे होत जायचे, आणि शेवटच्या पायरीवर पोचले की शेजाऱ्याला खेटून आडवे पडायचे, असा तिथला रिवाज होता. आडवा पडलेला माणूस कौल होई. अशा कौलांचे छप्पर होई आणि त्या छपराखाली बाकीचे सुखाने चढत राहात. काही दिवसांनी वारा ते कौल उडवून नेई, तोवर दुसरा कोणी तिथे येऊन पडलेला असे. याचे कोणाला दुःख नव्हते. 'आमच्या आजोबांचे परवा कौल झाले' असे लोक कौतुकाने सांगत, आणि ऐकणारा 'वा, चांगल्या जागी पडले' असे म्हणून आपली पायरी चढायला लागे.

ऊन मात्र फार होते. प्रत्येक घरात एक पोथी असे. केव्हा जन्मावे, केव्हा चढावे, केव्हा आडवे व्हावे हे सगळे तीत लिहिलेले असे, आणि उन्हाने तिची अक्षरे उडत. म्हणून दर छत्तीस घरांमागे एक रंगारी नेमलेला होता. हे रंगारी मूळचे तिथले नव्हते. त्यांचे पूर्वज फार पूर्वी कण्याच्या डोंगरावरून चालत आले होते. रंगाऱ्याला हात पुष्कळ. खालच्या पायरीवर बसून तो काजळी घोटी, तिच्या छत्र्या बनवी आणि हात खिडक्यांतून आत घालून त्या घराघरांत देई. घरची माणसे ती छत्री डोक्यावर न धरता पोथीवर धरत, इतकी ती समजूतदार होती. रंगारी स्वतः कधी पायऱ्या चढत नसे आणि त्याचे कौलही होत नसे.

रंगाऱ्यांची जात मुळात भटकी, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना धरून ठेवावे अशी चाल होती. उजवीकडच्या घराने एक हात धरायचा, डावीकडच्याने दुसरा, समोरच्याने तिसरा. स्वयंपाक, भांडणे, बारसे, सगळे एका हाताने उरकायचे. दुसरा हात कायम रंगाऱ्याच्या हातात. हे का करायचे हे कोणालाच आठवत नव्हते, पण कोणी सोडत नव्हते. हात धरलेला असला की रंगाऱ्याला आपण किती आहोत हे नीट ठाऊक असे. आपण एकच आहोत.

पायऱ्यांच्या खाली, मुलखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक चटई अंथरलेली होती. चटईच्या खाली दोरवाडी होती. तिथली माणसे दोर वळत आणि त्या दोरांवर वरची चटई, पायऱ्या, घरे, छप्पर असा सगळा डोलारा उभा असे. हे दोर आडवेतिडवे, एकमेकांवरून गुंतवत न्यायचे असत. नवख्याला वाटे की यांना काम येत नाही. पण कुठूनही ओढ बसली तरी चटई ढळत नसे, ती त्या गुंत्यामुळेच.

दोरवाडीतली दुरपदाबाई हातभर चटईची राखण करी. ती जागा तिच्या आईकडून तिच्याकडे आली होती. आपल्या चटईतून आजवर कोणी खाली पडले नाही, हे ती दिवसातून दोनदा तरी सांगे. ऐकणारे कंटाळत, पण ते खरे होते. दुसरे काही सांगण्याजोगे तिच्याजवळ नव्हते आणि तिला नकोही होते.

तिच्या डोक्याच्या नेमके वर, चटईवर, अंजनराव रंगारी बसत. माणूस भला. छत्तीस घरांच्या पोथ्या झाकायचे काम त्यांनी वर्षानुवर्षे चोख केले. अडचण एवढीच, की काही हात छत्र्या वाटण्यात आणि उरलेले शेजाऱ्यांच्या हातात, त्यामुळे स्वतःच्या पोथीवर छत्री धरायला त्यांना हातच उरत नसे. एका दुपारी छपरातले एक कौल जरा लवकर उडाले, उन्हाची तिरीप थेट अंजनरावांच्या पोथीवर पडली आणि एक शब्द उडाला. 'एवढे झाले की पुरे' असे जिथे लिहिले होते तिथे 'एवढे झाले की' एवढेच राहिले. अंजनरावांनी पान उलटले आणि पुढे वाचायला लागले.

दुसऱ्या दिवशी ते शेजारच्या चिमाताईंना म्हणाले, "हात फार अवघडलेत हो. घटकाभर सोडता का?"

"सोडते की," चिमाताई म्हणाल्या. "मलाही कणीक मळायला दोन हात मिळतील."

त्यांनी सोडला तसा डावीकडच्यांनी सोडला, समोरच्यांनी सोडला. दोन हातांनी कणीक किती लवकर मळली जाते हे पाहून सगळे थक्क झाले. आपले वाडवडील अगदीच खुळे होते, यावर आळीत एकमत झाले. घटकाभराने पुन्हा धरायचे ठरले होते, ते राहून गेले.

तिसऱ्या दिवशी अंजनराव दोन होते.

दोघांचा आवाज एक, खाकरणे एक, पागोटे एक. खरे कोणते हे ठरवायला सभा भरली. दोघांनीही आपण अंजनराव आहोत असे शपथेवर सांगितले आणि दोघेही खरे बोलत होते, त्यामुळे सभेला पुढे काही सुचेना. शेवटी दोघांनाही सारखाच मान द्यावा असे ठरले. नंतर चार झाले, नंतर आठ. आळीच्या लोकांना त्याचा अभिमान वाटू लागला. पलीकडच्या आळीत एकच रंगारी आहे, बिचारे, असे ते म्हणू लागले.

छत्र्या तर आता ढिगांनी बनत, पण वाटल्या जात नसत. प्रत्येक अंजनराव आपली छत्री दुसऱ्या अंजनरावाच्या डोक्यावर धरी. आळी काळीकुट्ट झाली. लोकांना ते आवडले, कारण सावली पडली. "आता वर जाऊन काय करायचं?" असे चिमाताई म्हणाल्या आणि त्यांनी पायरी चढायचे सोडून दिले. त्यांचे पाहून बाकीच्यांनी सोडले. ज्यांचे या आठवड्यात कौल व्हायचे, ते आजोबा खालच्या पायरीवर येऊन पाळण्यात बसले आणि अंगाई मागू लागले. घरे गर्दीने फुगली. वर मात्र आडवे पडायला कोणी पोचेना आणि छप्पर विरळ होत चालले. खालून ते दिसत नव्हते, त्यामुळे त्याची चिंता करायचे कोणाला कारण नव्हते.

आता दोरवाडीचा एक नियम सांगायला हवा. कधी वरून काटा घुसे, कधी काही कापले जाई आणि चटईला तडा जाई. ज्याच्या पायाखाली तडा जाईल त्याने 'तडा गेला' अशी हाक द्यायची. हाक आली की दोरवाडीकरांनी हातचे टाकून धावायचे. गुंता सोडवून दोर सरळ ताणायचे, म्हणजे तड्याच्या कडा जवळ येतात. पाटकऱ्यांना निरोप धाडायचा, म्हणजे ते नवे पाट खणून पाणी आणतात. तडा बुजला की ज्याने हाक दिली त्यानेच 'भरला' असे म्हणायचे. मग सगळ्यांनी घरी जायचे आणि दोर पुन्हा आडवेतिडवे करून टाकायचे. तडा कुठे आहे हे मात्र विचारायचे नाही. दुखणाऱ्या माणसाची उलटतपासणी करू नये, अशी त्या लोकांची सभ्यता होती, आणि ती त्यांनी कधी मोडली नव्हती.

एके सकाळी अंजनरावांनी हाक दिली, "तडा गेला."

दुरपदाबाई सगळ्यांच्या पुढे धावली, कारण चटई तिची होती. तिने खालून हात फिरवला. चटई काल होती तशीच होती. तिने वर पाहिले. विचारायचे नव्हते, म्हणून ती नुसती पाहत राहिली.

"फार दुखतंय, मावशी," एक अंजनराव म्हणाले.

"मलाही," दुसरे म्हणाले.

दोरवाडीने कंबर कसली. गुंते सोडवले, दोर सरळ करून चटईच्या दिशेने ताणले, पाटकरी आले, पाट खणले. दिवसभर काम चालले. पण जो तडा नव्हताच तो बुजेना, आणि वरून कोणी 'भरला' म्हणेना. दुसऱ्या दिवशीही तेच. आठव्या दिवशी दोरवाडीतले सगळ्यात वडील, धर्माजी तात्या, यांनी सगळ्यांना गोळा केले. ते विचारी गृहस्थ होते. ते म्हणाले, "इतकी माणसं लावली, इतके दोर ताणले, तरी भरत नाही. म्हणजे तडा केवढा मोठा असेल, याचा विचार करा."

सगळ्यांनी विचार केला आणि सगळे हादरले. त्या दिवसापासून दुप्पट माणसे कामाला लागली.

पाटकऱ्यांचे तर विचारू नका. त्यांना एवढे खणायला कधी मिळाले नव्हते. पाट वाकडे, कुठे फुगीर, कुठे बोळासारखे अरुंद असे निघाले आणि सगळे फिरून फिरून अंजनरावांच्या दाराशी जाऊ लागले. पलीकडच्या घरांना पाणी कमी पडले. त्यांनी तक्रार केली तेव्हा पाटकऱ्यांनी त्यांना दुखणाऱ्या माणसाची लाज बाळगायला सांगितले, आणि त्यांना खरोखरच लाज वाटली.

ओढून ओढून चटईचे धागे एकमेकांपासून दूर झाले. एके दिवशी दुरपदाबाई दोराला पीळ देत होती, तो तिच्या डोक्याशी काहीतरी हलले. तिने वर पाहिले. तिच्या चटईतून एक पाय खाली लोंबत होता. काळा, गुटगुटीत पाय. तो जरा चाचपडला, त्याला तिचा सरळ ताणलेला दोर सापडला आणि मग अख्खे अंजनराव त्या दोरावरून सावकाश खाली उतरून आले. सरळ दोरावरून चालायला सोपे जाते.

"छान बांधलाय हो रस्ता," ते म्हणाले आणि तिच्या अंगणातून पुढे निघून गेले.

चटईतून माणूस खाली आला होता, आणि तिच्याच चटईतून. ती दारात बसून राहिली. तिला राग यायला हवा होता, पण तिला लाज वाटत होती, कारण रस्ता खरोखर छान बांधला होता.

तिने रखवालदारांना निरोप धाडला. रखवालदार पाटांच्या वाटेने मुलूखभर फिरत. ते कडक होते. घराच्या दाराशी लावलेली खूण पाहायची, खूण ओळखीची नसली की शिट्टी वाजवायची आणि त्या घराचा निकाल लावायचा, असे त्यांचे काम. एकदा सुरुवात केली की त्यांना थांबता येत नसे. मागे कधीतरी एका चोरापायी त्यांनी अख्खी आळी साफ केली होती. तेव्हापासून कायदा झाला होता, की शिट्टी ऐकू आली की घरवाल्याने दारावर 'बसा' अशी पाटी लावावी, आणि पाटी दिसली की रखवालदाराने हातातले दांडके खाली ठेवून बसावे. कायदा चांगला होता. त्याच्यामुळे पुष्कळ निरपराध घरे वाचली होती.

भिकाजी जमादार बारा माणसे घेऊन आले. त्यांनी एका नजरेत ओळखले. "हे आपल्यातले राहिले नाहीत," ते म्हणाले आणि त्यांनी शिट्टी वाजवली. शिट्टी वाजताच झाडून सगळ्या अंजनरावांनी दारावर पाट्या लावल्या. चिमाताईंनीही लावली, कारण त्या कायदा पाळणाऱ्या होत्या. बारा जण आणि जमादार ओळीने बसले.

"जमादार, बसलात काय?" दुरपदाबाई म्हणाली. "तो बघा, आणखी एक उतरतोय."

"दिसतोय की, बाई. पण पाटी लागलीय."

"पाटी त्यानेच लावलीय."

"मग कोण लावणार? ज्याचं दार त्याची पाटी." जमादारांनी मांडी घातली. "आज आम्ही पाटी मोडली तर उद्या तुमच्या दारातली कोण मानील? तेव्हा तुम्हीच बोंबलत याल."

जमादारांचे म्हणणे बरोबर होते. तिने दुसऱ्या दिवशी आणखी रखवालदार बोलावले. त्यांनी आणखी जोरात शिट्ट्या वाजवल्या, आणि जेवढ्या शिट्ट्या वाजल्या तेवढ्या पाट्या वाढल्या. आळीत बसायला जागा उरली नाही. बसून बसून रखवालदारांचे अंग आंबले, काहींना आपण कशासाठी आलो होतो हेच आठवेना. त्यांच्यातले जे हाताला काम नसले की बेचैन होतात, ते उठून अंजनरावांना मदत करू लागले. कोणी चटईचे लोंबते धागे कापून वाट मोकळी केली, कोणी पाटातला गाळ उपसला. अंजनरावांनी त्यांचे मनापासून आभार मानले.

त्या दिवसांत एकदा दुरपदाबाई घरी शिंके विणायला बसली. शिंके हे आडव्यातिडव्या दोरांचे जाळे. तिच्या आईने तिला पहिल्यांदा तेच शिकवले होते आणि ती डोळे मिटून विणत असे. तिने डोळे मिटले, विणले आणि उघडून पाहिले, तर मांडीवर सरळ दोरांची एक जुडी पडली होती. तिने सोडले, पुन्हा विणले. पुन्हा जुडीच. हातांना सरळ सोडून दुसरे काही येईना. तिने त्या जुडीत मडके ठेवून पाहिले, ते खाली पडून फुटले. मग मात्र ती रडली. चटईला भोक पडले ते अंजनरावांनी पाडले असे तिला आजवर म्हणता येत होते. हात तिचे स्वतःचे होते.

ती तशीच उठून चटईखाली गेली आणि पहिल्यापासूनच्या जागेवर बसलेल्या अंजनरावांना हाक मारली. पहिले तेच असावेत असा तिचा अंदाज होता.

"अंजनराव, आता भरला म्हणा."

"कसं म्हणू? दुखतंय ना."

"तुम्हाला दुखत नाही. तडाच गेला नव्हता. मी हात फिरवून बघितलं होतं."

अंजनराव हळू आवाजात म्हणाले, "मावशी, तुम्ही इतकी वर्षं खाली आहात, तुमच्याशी खोटं बोलवत नाही. थांबायचं कसं असतं ते मला माहीत नाही. पोथीत बघितलं, तर तिथे पांढरा डाग आहे." त्यांनी पोथी उघडून तिला दाखवली. त्यांच्या मागे बसलेल्या सगळ्या अंजनरावांनीही आपापल्या पोथ्या उघडून तोच डाग दाखवला. "आता तुम्हीच सांगा, काय करू?"

ती काय सांगणार? दोरवाडीतल्या बाईला रंगाऱ्याची पोथी वाचायचा अधिकार नव्हता. तिला त्यांची दया आली, आणि दया आल्याचा संताप आला. वर जो कोणी असेल त्याला कळवायचे, असे त्या संतापातच तिने ठरवले.

दोरवाडीतून एक पांढरी दोरी जात असे. ती कोणी वळलेली नव्हती. ती कण्याच्या डोंगराकडे जाते आणि तिथून पुढे कुठेतरी वर, एवढेच लोकांना माहीत होते. तिला हिसका दिला की आकाशातून पाच खांब उतरत आणि छपरावरून खरवडत जात. त्यात कौले उडत, कधी घरेही जात. म्हणून त्या दोरीला हात लावायचा नाही, असे सगळ्यांचे ठरलेले होते. दुरपदाबाईने दोन्ही हातांनी ती धरली आणि हिसका दिला.

पाच खांब आले. छप्पर आधीच विरळ झाले होते. खांब थेट पाटापर्यंत घुसले आणि लाल पाणी छपरावर आले. चिमाताईंच्या घरातला पाळणा आजोबांसकट उडून गेला. लोक दुरपदाबाईच्या दारात जमले.

"मावशी, आमचं छप्पर गेलं," चिमाताई म्हणाल्या. "तुमच्या हाताला काही होतंय, तर वैद्याला दाखवा. आमच्या डोक्यावर कशाला घालता?"

"अजून एकदा देणार आहे," दुरपदाबाई म्हणाली.

दोरवाडीने तिला वाळीत टाकले. धर्माजी तात्यांनी स्वतः येऊन सांगितले, की ऐन दुरुस्तीच्या दिवसांत जी बाई छप्पर पाडते तिच्या हातचे पाणी कोणी पिणार नाही. तिने ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हिसका दिला. तिसऱ्या दिवशीही दिला. दर वेळी खांब आले, दर वेळी लाल पाणी वर आले. चौथ्या दिवशी तिने हिसका दिला आणि खांब आलेच नाहीत. त्यांच्याऐवजी ऊन थांबले.

छपरावर एक गार, गोल काच येऊन टेकली. तिच्यातून ऊब नसलेला पांढरा उजेड आळीच्या कानाकोपऱ्यात शिरला, आणि काचेच्या पलीकडे, सगळी आळी मावेल एवढा मोठा, एक डोळा उघडला. तो खूप वेळ पाहत राहिला.

आळीत एकच धांदल उडाली. कोणीतरी मोठे माणूस पाहणीला आले हे उघड होते. अंजनरावांनी पागोटी नीट केली आणि उंचीप्रमाणे रांगेत उभे राहिले. जागा कमी पडली म्हणून काही बाहेर सरकले, त्यामुळे रांगेची कड वेडीवाकडी झाली. जमादार पाटीकडे बघत बघत अर्धवट उठले. चिमाताईंनी दारात सडा घातला.

वर गडगडाट झाला. "परवा खाजवलं तर रक्त आलं, म्हणून लक्षात आलं," असा तो पहिला गडगडाट होता. दुसरा जरा हळू होता. "आधी एवढासाच असेल. कडा बघा कशा झाल्यात. आणि भोवतालचंही बदललंय." मुलखातल्या कोणाला त्यातले अक्षर कळले नाही. एवढ्या मोठ्या आवाजात बोलणारा आपले कौतुकच करत असणार, असे सगळ्यांनी धरून चालले.

काच उचलली गेली. मग छपरावर काहीतरी ओले, जांभळे टेकले आणि सरकत निघाले. ते आळीच्या भोवतीने गेले, पण आळीला खेटून नाही. बऱ्याच लांबून, ऐसपैस. फिरत फिरत जिथून निघाले होते तिथे येऊन मिळाले. एक मोठे जांभळे कडे तयार झाले.

"हद्द वाढवून दिली," सगळे अंजनराव एकदम म्हणाले.

कड्याच्या आत जी घरे आली त्यांना आनंद झाला. आपण आळीत नसून आळीचे झालो, असे एकमेकांना सांगत ती माणसे अंजनरावांना भेटायला निघाली. धर्माजी तात्यांनी दोरवाडीकरांचे अभिनंदन केले. एवढी हद्द मिळाली ती आपल्या दुरुस्तीमुळेच, असे ते म्हणाले, आणि त्यात चूक काही नव्हते.

दुरपदाबाई मात्र उलट्या दिशेने चालत निघाली. रेघ कुठून गेली आहे ते तिला पाहायचे होते. ती आपल्या घरावरून पुढे गेली, बहिणीच्या घरावरून गेली, ज्यांना पाणी पुरत नव्हते त्या घरांवरून गेली. वाटेत सगळीकडे दोर सरळ होते. जसजशी पुढे जाई तसतसे मधूनच एखादा आडवा दोर दिसू लागला, मग बरेच, आणि अखेर जिथे सगळेच आडवेतिडवे होते तिथे, चटईच्या वर, छपरावर, ती जांभळी रेघ होती. रेघेच्या पलीकडे ठकूबाई नावाची एक दोरवाली अंगणात शिंके विणत बसली होती. दुरपदाबाई तिच्या हातांकडे पाहत उभी राहिली. हात भरभर फिरत होते आणि त्यांच्यातून सुंदर गुंता बाहेर पडत होता.

तेवढ्यात गारठा पसरला. तो वरून आला आणि रेघेच्या आतल्या सगळ्या मुलखात भिनला. पांढरी दोरी सैल पडली. दुरपदाबाईने तिला हिसका देऊन पाहिला. पलीकडे काही हलले नाही. आतल्या बाजूला अंजनरावांच्या सत्काराचा गलका चालला होता, तोही लांबून आल्यासारखा ऐकू येऊ लागला.

ठकूबाईने मान वर केली. रेघेच्या आत काय होऊ घातले आहे ते तिला दिसले असावे. "मावशी," ती म्हणाली, "या की इकडे. दोन पावलं तर आहेत."

दुरपदाबाईने एक पाऊल उचलले. तिला फार जावेसे वाटत होते. तिने हात पुढे केले, तेव्हा ते तिचे तिलाच दिसले. बोटे आपोआप चालली होती आणि हवेतसुद्धा सरळ दोर वळत होती. तिने पाऊल मागे घेतले.

"नको गं," ती म्हणाली. "हे हात घेऊन तुझ्याकडे आले, तर तुझंही सरळ करून ठेवीन. तू आडवंच वीण."

मग ती खाली वाकून रेघेच्या कडेने चाचपत फिरली. एके ठिकाणी तिच्याच हातचा एक सरळ दोर रेघेखालून निसटून ठकूबाईच्या अंगणात वीतभर गेलेला होता. तिने तो आत ओढून घेतला, सगळा, टोकापर्यंत, आणि मांडीवर गुंडाळून रेघेकडे पाठ करून बसली. वर छपरावर एका पातळ, चकचकीत पात्याची धार येऊन टेकली. ती बरोबर जांभळ्या रेघेवर टेकली, खाली उतरली, आणि ठकूबाईच्या बाजूने पहिल्यांदाच उजेड आत आला.